पूजेची भाषा आणि पोथीची भाषा

परभणी जिल्ह्यांत सेलू तालुक्यामध्यें वालूर म्हणून जें जुनें गांव आहे, तेथें आमचें बालपण गेलें. चातुर्मास लागला कीं तेथें देवळांत पोथी लागे. सकाळीं गुरुजी गाभाऱ्यांत रुद्र म्हणत, अभिषेक चाले. भोंवतीं उभ्या असलेल्या मंडळींपैकीं बहुतेकांस त्यांतील अक्षरही कळत नसे, आणि तें कळलें पाहिजे असें कोणास वाटतही नसे. सायंकाळीं तीच मंडळी पोथीस बसे. तेथें मात्र एखादी ओवी अवघड आली कीं मागून कोणी तरी म्हातारी "बुवा, जरा फोड करून सांगा" म्हणून हटकल्याशिवाय राहत नसे. पूजा संस्कृतांत व पोथी प्राकृतांत, ही वाटणी आम्हांस इतकी अंगवळणी पडलेली होती कीं तींत कांहीं विशेष आहे हें आमच्या कधीं ध्यानींच आलें नाहीं.

तें ध्यानीं आलें तें वसईस. पुढें नोकरीच्या निमित्तानें त्या बाजूस जाणें झालें असतां तेथील एका वृद्ध कॅथलिक गृहस्थांचा परिचय घडला. बोलतां बोलतां ते म्हणाले, "आमच्या लहानपणीं देवळांत मिस्सा लॅटिनमध्यें आणि घरीं प्रार्थना आमच्या बोलींत." हें वाक्य ऐकतांच आम्हांस वालूरचा गाभारा व वालूरची पोथी यांची आठवण झाली, आणि या पंथाचा इतिहास नीट पाहावा असें वाटूं लागलें.

आमच्या वाचकांस ख्रिस्ती मराठी म्हटलें कीं बहुधा रेव्हरंड टिळक आठवतात. परंतु टिळक ज्या अमेरिकन मिशनशीं निगडित होते तें प्रॉटेस्टंट होय. तेथें उपासना आरंभापासून लोकभाषेंत होती, आणि पुढें तींत कीर्तन व भजनही आलें. रोमन कॅथलिक पंथाची गोष्ट निराळी. प्रॉटेस्टंट उपासनेंत प्रवचनास जें स्थान आहे तें येथें मिस्सेस आहे. धर्मगुरु वेदीवर भाकर व द्राक्षारस अर्पण करून ख्रिस्ताचे शब्द उच्चारतो, आणि त्या क्षणीं ती भाकर व तो रस बाह्यतः तसेच राहूनही वस्तुतः ख्रिस्ताचें शरीर व रक्त होतात, अशी या लोकांची दृढ श्रद्धा आहे. हें नुसतें स्मरण नव्हे. क्रूसावर झालेलें बलिदानच वेदीवर पुन्हा समक्ष होतें असें ते मानतात. बाप्तिस्मा, दृढीकरण, पवित्र प्रसाद, पापनिवेदन, रुग्णाभ्यंग, गुरुदीक्षा व विवाह असे सात संस्कार. मरियेची जपमाळ, संतांचे सण, उपवासाचा चाळीस दिवसांचा काळ, नोव्हेंबरच्या २ तारखेस पितरांच्या थडग्यांवर लावलेल्या मेणबत्त्या, हें सर्व पाहून आमच्यासारख्या हिंदु घरांतील माणसास फारसें परकें वाटत नाहीं. गोव्यांत तर भाताच्या पहिल्या लोंब्या देवळांत नेऊन त्यांवर आशीर्वाद घेण्याची चाल आहे. नवान्नाचा विधि आणखी काय वेगळा असतो?

मिस्सेची भाषा मात्र लॅटिन. ट्रेंटच्या धर्मपरिषदेनंतर १५७० मध्यें रोमहून जी पूजापद्धति ठरवून देण्यांत आली, तीच पुढें सुमारें चारशें वर्षें चालली. लिस्बनच्या शेतकऱ्यास जें ऐकूं येई तेंच वसईच्या शेतकऱ्यास. कळे दोघांसही सारखेंच, म्हणजे फार थोडें. मग या श्रद्धेचा अर्थ लोकांच्या मनांत उतरला कसा? या प्रश्नाचें एक उत्तर मराठी वाङ्मयाच्या इतिहासांत आहे, आणि तें एका इंग्रजानें लिहिलेलें आहे.

थॉमस स्टीफन्स हा विल्टशर परगण्यांतील. एलिझाबेथ राणीच्या राज्यांत कॅथलिकांस स्वदेशीं राहणें संकटाचें झालें होतें. तो रोमास जाऊन जेझुइट संघांत शिरला व १५७९ च्या ऑक्टोबरांत गोव्यास उतरला. दक्षिण गोव्यांतील साष्टी महालांत त्यानें उरलेलें बहुतेक आयुष्य घालविलें. १६१९ मध्यें तो तेथेंच वारला. येथील भाषांची ठेवण ग्रीक व लॅटिन यांच्यासारखी आहे, असें त्यानें १५८३ मध्येंच आपल्या भावास लिहिलें होतें. सर विल्यम जोन्सचें सुप्रसिद्ध व्याख्यान १७८६ चें, हें येथें ध्यानांत ठेविलें पाहिजे.

त्याचें ख्रिस्तपुराण १६१६ मध्यें रायतूर येथें रोमन लिपींत छापलें गेलें. त्याचे दोन भाग असून पहिल्यांत ३६ व दुसऱ्यांत ५९ अवस्वर म्हणजे अध्याय आहेत, आणि ओव्या एकंदर १०,९६२. देवळांत रविवारीं व सणावारीं तें वाचलें जावें हा ग्रंथकाराचा हेतु. आरंभींच एक प्रसंग घातला आहे. धर्मशिक्षणाचा पाठ संपल्यावर एक नवख्रिस्ती ब्राह्मण पाद्रीस म्हणतो कीं, आमचीं जुनीं पुराणें तुम्हीं बंद केलीं, तर त्यांच्या जागीं आम्हांस वाचावयास दुसरें कांहीं तरी द्या. त्या मागणीस दिलेलें उत्तर म्हणजे हा ग्रंथ. पैठणच्या नाथांना जाऊन तेव्हां फार वर्षें झालीं नव्हतीं. त्यांचीच ओवी या परदेशी मनुष्यानें उचलली, आणि स्वर्गास वैकुंठ म्हणण्यासही तो कचरला नाहीं.

स्टीफन्सच्या मराठीचें कौतुक करतांना आमचे विद्वान् बहुधा एवढ्यावरच थांबतात. आम्हांस तसें थांबवत नाहीं. ही मागणी करण्याची पाळी त्या ब्राह्मणावर कां आली? १५६७ मध्यें याच साष्टींत पोर्तुगीज सत्तेनें शेंकडों देवळें पाडलीं. जुन्या पोथ्या जप्त होऊं लागल्या. १५६० पासून गोव्यांत इन्क्विझिशनचें न्यायासन बसलेलें होतें. १५८३ च्या जुलैंत कुंकळ्ळीच्या लोकांनीं पांच जेझुइटांस ठार मारलें, आणि पुढें त्या गांवच्या प्रमुखांस बोलणीं करण्याच्या मिषानें बोलावून त्यांचा वध करण्यांत आला. ख्रिस्तपुराण हें या उजाड केलेल्या जागेवर उगवलेलें झाड आहे. झाड सुंदर आहे, यांत शंका नाहीं. पण जागा कोणीं उजाड केली हें विसरून त्याच्या सावलींत बसणें आम्हांस प्रामाणिकपणाचें वाटत नाहीं. स्टीफन्स स्वतः धर्मासाठीं देशोधडीस लागलेला होता. साष्टींतून देव घेऊन पळालेल्या लोकांकडे पाहतांना त्याच्या मनांत काय येत असेल, असा विचार आम्ही पुष्कळदां केला आहे.

पुढें सत्तेनें लोकभाषेवरच घाला घातला. १६८४ मध्यें विजरईनें हुकूम काढला कीं, तीन वर्षांच्या आंत सर्वांनीं पोर्तुगीज बोलावें व देशी भाषा टाकून द्यावी. हुकमानें भाषा मरत नसते. कोंकणी जिवंत राहिली. पण ग्रंथाची हानि व्हावयाची ती झालीच. १६४९ व १६५४ मध्यें ख्रिस्तपुराण पुन्हा छापलें गेलें होतें, तरी त्या तीनही आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाहीं. हस्तलिखितांवरून १९०७ मध्यें मंगळूर येथें सालढाणा यांनीं तें छापलें, आणि १९५६ मध्यें बंडेलू यांनीं देवनागरींत आणलें. लंडनच्या मार्सडेन संग्रहांत याचें एक देवनागरी हस्तलिखित आहे. त्यांत पोर्तुगीज शब्दांच्या जागीं बऱ्याच ठिकाणीं संस्कृत शब्द घातलेले आढळतात. म्हणजे ही ओढाताण ग्रंथाच्या पानांतही चालूच होती. बोलण्यांत पोर्तुगीज जिंकली असें दिसतें, कारण गोव्याचा कॅथलिक आजही पापनिवेदनास कुमसार म्हणतो आणि प्रसादास कुमगार.

वसईचा इतिहास थोडा निराळा. तेथें पोर्तुगीज अंमल १५३४ पासून १७३९ पर्यंत. चिमाजी आप्पांनीं किल्ला घेतला आणि राज्य गेलें, पण श्रद्धा गेली नाहीं. मागें पोर्तुगीज सत्ता नसतांनाही ती टिकली, यावरून ती नुसत्या दंडुक्याची नव्हती असें म्हणावें लागतें. मिस्सा तेवढी लॅटिनमध्येंच राहिली. शेवटीं दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनें १९६३ च्या डिसेंबरांत उपासनेविषयींचा जो ठराव केला, त्यानें लोकभाषेस वेदीपर्यंत येण्याची वाट मिळाली, आणि थोड्याच वर्षांत वसईच्या देवळांतून मराठी मिस्सा होऊं लागली. याच भूमींतील फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनीं 'सुबोध बायबल' सिद्ध केलें. २०२० मध्यें उस्मानाबाद येथें, म्हणजे आमच्या मराठवाड्यांत, भरलेल्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. धर्मगुरूच्या निवडीस कांहींनीं हरकत घेतली होती. स्टीफन्सची ओवी अभ्यासक्रमांत चालते आणि त्याच परंपरेचा माणूस व्यासपीठावर चालत नाहीं, हें आम्हांस कोडेंच वाटलें.

वसईच्या त्या वृद्ध गृहस्थांबरोबर आम्ही एका रविवारीं मिस्सेस गेलों होतों. सर्व कांहीं मराठींत, स्पष्ट व शुद्ध. बाहेर आल्यावर त्यांनीं आपण लहानपणीं वेदीशीं सेवा करतांना द्यावयाचीं लॅटिन उत्तरें धडाधडा म्हणून दाखविलीं. अर्थ विचारला तेव्हां हंसले. "आतां सगळें कळतें, हें चांगलेंच झालें," ते म्हणाले, "पण तेव्हां गुडघे टेकले कीं अंगावर कांटा येई, तो आतां येत नाहीं. वयामुळेंही असेल." मग आम्हीं त्यांस वालूरच्या रुद्राची व संध्याकाळच्या पोथीची हकीकत सांगितली. त्यांनीं ती शांतपणें ऐकली आणि विचारलें, "तुमच्याकडे तो रुद्र मराठींत म्हणा, असें कोणी म्हटलें नाहीं काय?" आम्हीं प्रार्थनासमाजाचें नांव घेतलें, पण आमच्या लहानपणीं वालुरास तसें कांहीं ऐकिवांत नव्हतें, हेंही त्यांस सांगावें लागलें.