समुद्राच्या मिठाचा हिशेब

आज लढाया नाहीत, तह नाहीत. आज चिमूटभर मिठाचा इतिहास सांगणार आहे. या मिठावरून माणसांनी पृथ्वीचं वय काढायचा प्रयत्न केला, तो चुकला, आणि त्या चुकीतून मोठं काहीतरी हाती लागलं. त्याची ही गोष्ट.

सुरुवात माझ्या नोकरीतून करतो. मी कॅप्टन असताना लडाखमध्ये पँगाँग सरोवराच्या काठी गेलो होतो. उंची जवळजवळ १४,००० फूट. डोंगरावरच्या बर्फाचे ओढे सरोवरात येत होते. ओढ्याचं पाणी गोडं, सरोवराचं मात्र मचूळ, तोंडात धरवत नव्हतं. सोबतचा सातारकडचा जवान म्हणाला, "साहेब, येतंय ते समदं गोडं, मग तळं खारं कुठनं झालं?" मला उत्तर देता आलं नाही. "पुढं चला" म्हणालो. अधिकाऱ्याला उत्तर येत नसलं की तो हेच म्हणतो.

हाच प्रश्न १७१५ साली लंडनमध्ये एडमंड हॅली यांनी घेतला होता. धूमकेतूमुळे आपल्याला माहीत असलेले तेच हॅली. रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात त्यांनी छोटा निबंध छापला. त्यांचं म्हणणं सरळ होतं. नदीचं पाणी आपण गोडं म्हणतो, पण त्यात खडकांतून विरघळलेला क्षार किंचित असतोच. ज्या तळ्याला बाहेर जायला वाट नाही, त्यातलं पाणी वाफ होऊन जातं आणि क्षार मागे राहतो. कॅस्पियन आणि मृत समुद्र ही त्यांची उदाहरणं. माझ्या जवानाला हवं असलेलं उत्तर हेच होतं. मग हॅली पुढचं पाऊल टाकतात: समुद्र म्हणजे असंच एक प्रचंड तळं. आज त्याचा खारटपणा मोजून ठेवा, काही शतकांनी पुन्हा मोजा. वाढीचा वेग कळला की मागे जाऊन सुरुवात कधी झाली ते काढता येईल. प्राचीन ग्रीक आणि रोमन लेखकांनी असं मोजमाप ठेवलं नाही, याची त्यांना हळहळ वाटली.

त्या काळी युरोपात आर्चबिशप अशर यांची गणना मान्य होती. धर्मग्रंथांतल्या पिढ्या मोजून त्यांनी जगाची सुरुवात इसवी सनापूर्वी ४००४ मध्ये धरली होती. उलट, ॲरिस्टॉटलच्या परंपरेत जग अनादी होतं. हॅलींच्या मते मीठ हा या दोघांनाही लागू पडणारा पुरावा होता. जग अनादी असतं तर समुद्र कधीच क्षाराने भरून गेला असता. आणि मोजल्यावर ते लोकांच्या समजुतीपेक्षा खूप जुनंही निघेल, अशी शक्यता त्यांनी मोकळी ठेवली.

पण दोन मोजमापांमधला फरक पकडणं अशक्य होतं. पुढे मिळालेल्या आकड्यांवरून मी हिशेब केला, तर ३०० वर्षांत पडणारी भर सुमारे तीन लाखांत एक भाग येते. त्यामुळे वाट पाहण्यापेक्षा दुसरा मार्ग हवा होता: एकूण साठा मोजा, वर्षाची आवक मोजा आणि भागाकार करा.

त्यासाठी आधी समुद्र मोजावा लागला. १८७२ ते १८७६ या काळात ब्रिटिश आरमाराचं 'चॅलेंजर' जहाज जगभर फिरलं. त्याने आणलेले पाण्याचे ७७ नमुने रसायनतज्ज्ञ विल्यम डिटमार यांनी तपासले. मुख्य क्षारांचं आपसातलं प्रमाण जवळजवळ सगळीकडे सारखंच निघालं. म्हणजे थोड्या नमुन्यांवरून साऱ्या समुद्राचा साठा काढता येत होता. एक किलो समुद्राच्या पाण्यात सरासरी ३५ ग्रॅम क्षार असतात, त्यांतला सोडियम ११ ग्रॅमच्या आतबाहेर.

मग १८९९ मध्ये डब्लिनचे भूगर्भशास्त्राचे प्राध्यापक जॉन जॉली पुढे आले. त्यांनी सगळ्या क्षारांतून सोडियम निवडला. त्याला कारण होतं. कॅल्शियम समुद्रात येतो, पण शंखशिंपल्यांच्या कवचात अडकून तळाशी जातो. सोडियम मात्र एकदा आला की पाण्यातच राहतो, असं जॉलींना वाटलं. समुद्रातला एकूण सोडियम सुमारे १४,००० लाख कोटी टन, नद्यांनी दरवर्षी आणलेला सुमारे १५.७ कोटी टन. भागाकार जवळपास ९ कोटी वर्षं. काही दुरुस्त्या करून त्यांनी ८ ते ९ कोटी असं उत्तर दिलं.

हा आकडा भूगर्भशास्त्रज्ञांना का आवडला, हे समजून घ्या. तेव्हा विज्ञानात लॉर्ड केल्विन यांचा दरारा होता. तापलेली पृथ्वी थंड व्हायला किती काळ लागेल, या गणितावरून १८९७ मध्ये त्यांनी २ ते ४ कोटी वर्षं सांगितली होती. थरावर थर साचलेले खडक पाहणाऱ्यांना तेवढा काळ अपुरा वाटत होता. जॉलींनी त्यांना मोकळा श्वास दिला, तोही मोजलेल्या आकड्यांवर. गणितात चूक नव्हती. चूक होती ती गृहीतकात.

ती समजायला मला पुन्हा लडाखच आठवतं. एका ठाण्यावर मी नवा होतो. रॉकेलची जुनी साठा-वही भिजून खराब झाली होती. वरिष्ठांनी विचारलं, हे कोठार किती दिवस चालू आहे? मी हुशारी केली. साठा २८० बॅरल, दर आठवड्याला येतात १०. म्हणजे २८ आठवडे, जवळपास सात महिने. तसं कळवूनही टाकलं. आमचे हवालदार शांतपणे म्हणाले, "साहेब, मी इथं दोन हिवाळे काढलेत. बुखारीत रोज जाळतो ते कुणी धरलं?"

मी आवक पाहिली होती, जावक नाही. माझे २८ आठवडे चुकीचे नव्हते, पण ते कोठाराचं वय नव्हतं. एक बॅरल सरासरी किती काळ कोठारात राहतं, ते त्यात निघालं होतं. जॉलींचंही अगदी हेच झालं.

समुद्रातून मिठाची जावक होते, आणि ती अनेक वाटांनी. कोकणात किनाऱ्यावर राहणाऱ्यांना एक वाट ठाऊक आहे. वारा खारे तुषार आत नेतो, पत्रे गंजतात, पावसाने तेच मीठ धुऊन पुन्हा नदीत येतं. ते नवं मीठ नाही, परतीचं आहे. जॉलींनी याची वजावट केली होती, पण ती तोकडी पडली, असं पुढच्या अभ्यासकांनी दाखवलं. दुसरी वाट म्हणजे आटलेले समुद्र. तिसरी खोल तळावर आहे. समुद्राखालच्या डोंगररांगांत पाणी भेगांतून आत जाऊन तापतं, आणि तिथल्या बेसॉल्ट खडकात काही सोडियम अडकून राहतो. अशा गरम झऱ्यांचा शोध १९७७ मध्ये गॅलापागोस बेटांजवळ लागला. जॉलींना हे कळणं शक्यच नव्हतं.

शिवाय आवकही कायम सारखी नसते. डोंगर उंच असले, शेतीने माती उघडी पडली, की नद्या जास्त क्षार आणतात.

आता आटलेल्या समुद्राचा पुरावा बघा. तो आपल्याच स्वयंपाकघरात आहे. उपासाला आपण सैंधव वापरतो. सिंधूच्या प्रदेशातलं म्हणून सैंधव. आज पाकिस्तानात असलेल्या खेवड्याच्या खाणीतलं हे मीठ एका प्राचीन समुद्राचं आहे, आणि त्याचं वय ५० कोटी वर्षांहून जास्त आहे. जॉलींच्या ९ कोटींच्या समुद्राने ५० कोटी वर्षांपूर्वीचं मीठ कसं साठवलं असेल? साबुदाण्याच्या खिचडीतली चिमूट त्या गणितापेक्षा जुनी आहे.

खरं वय दुसऱ्या घड्याळाने सांगितलं. किरणोत्सारी युरेनियमचं शिसं होतं आणि त्याचा वेग ठरलेला असतो. १९०७ मध्ये बोल्टवुड यांनी आणि १९११ मध्ये आर्थर होम्स यांनी खडकांची वयं या रीतीने काढली, ती शेकडो कोटींपर्यंत गेली. १९५६ मध्ये क्लेअर पॅटरसन यांनी उल्कांतल्या शिशावरून पृथ्वीचं वय ४५५ कोटी वर्षं ठरवलं. आजही आकडा त्याच्या अगदी जवळ आहे. जॉली स्वतः किरणोत्साराचे जाणते अभ्यासक, तरी आपलं मिठाचं घड्याळ सोडणं त्यांना जड गेलं. मला त्यांचं हसू येत नाही. आपल्याच हिशेबाची वही मिटणं सोपं नसतं.

हा जुना भागाकार आजही मोबाइलवर फिरताना दिसतो, 'पृथ्वी जुनी नाही' याचा पुरावा म्हणून. माझ्या एका जुन्या सहकाऱ्याने मला तो पाठवला, म्हणून हा विषय घेतला. त्याला मी एवढंच लिहिलं: हीच रीत ॲल्युमिनियमला लाव. तो समुद्रात फार टिकत नाही. उत्तर हजार वर्षांच्याही आत येईल. मग वेरूळचं कैलास लेणं समुद्रापेक्षा जुनं ठरेल! एकाच समुद्राची दोन धातूंनी दोन वयं निघाली, तर मोजली जाणारी गोष्ट वय नव्हे, हे उघड आहे.

ती गोष्ट म्हणजे मुक्काम. सोडियमचा अणू समुद्रात सरासरी किती काळ राहतो, याला आज शास्त्रज्ञ मुक्कामाचा काळ म्हणतात, आणि तो काही कोटी वर्षांचाच आहे. जॉलींचा आकडा वाया गेला नाही, त्याला योग्य नाव नंतर मिळालं.

तेव्हा मंडळी, कुणी साठा आणि आवक सांगून वय पटवू लागला, तर माझ्या हवालदारांचा प्रश्न विचारा: जावक कुणी धरली? जय हिंद.