टर्बो बसविताना क्रँककेसकडे लक्ष हवे

इंजिनातील ज्वलनाचे काही वायू पिस्टन रिंगांजवळून निसटून क्रँककेसमध्ये उतरतात. साध्या पेट्रोल इंजिनात मॅनिफोल्डमधील निर्वात पोकळी ते 'पीसीव्ही' व्हॉल्व्हमार्गे ओढून घेते. टर्बो बसविल्यावर मात्र हे वायू वाढतात आणि बूस्टच्या वेळी मॅनिफोल्डमध्ये पोकळीऐवजी दाब असतो. तो उलटा क्रँककेसमध्ये शिरल्यास ऑइल सील गळू लागतात. टर्बोतील ऑइल खाली परतत नाही व सायलेन्सरमधून निळसर धूर निघतो. म्हणून या नळीत एकेरी व्हॉल्व्ह बसवावा. बूस्टमध्ये वायूंना वाट मिळावी यासाठी व्हॉल्व्ह कव्हरपासून टर्बोच्या तोंडापर्यंत, एअर फिल्टरच्या पुढे, रुंद नळी जोडावी. ऑइलच्या तुषारांमुळे नॉकिंगचा धोका वाढत असल्याने मध्ये कॅच कॅन ठेवून तो नियमित रिकामा करावा. नळी उघड्यावर सोडल्यास प्रदूषण होते.