पोटमाळ्यावरचा अॅम्प्लिफायर सुरू करण्यापूर्वी

पेण, प्रतिनिधी - गणेशमूर्तींचे गाव म्हणून ख्यातकीर्त असलेले पेण आणि कोकण रेल्वेचे आरंभस्थान असलेले रोहा, या दोन्ही ठिकाणी पावसाळाभर हवेत ओल असते. जुन्या घरांच्या पोटमाळ्यावर किंवा मंडळाच्या कपाटात वर्षानुवर्षे पडून राहिलेले व्हॉल्व्हचे अॅम्प्लिफायर आणि रेडिओग्राम अशा हवेत न वापरताही खराब होत जातात. सणासुदीला ते खाली काढून उत्साहाच्या भरात थेट विजेला जोडले, तर दुरुस्त होण्याजोगे यंत्रही कायमचे निकामी होऊ शकते.

याचे मुख्य कारण म्हणजे इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटर. त्यातील अॅल्युमिनियमच्या पातळ पत्र्यावर ऑक्साइडचा थर असतो व तोच विद्युतरोधकाचे काम करतो. दीर्घकाळ वीज न मिळाल्यास हा थर क्षीण होतो. अशा वेळी पूर्ण दाब एकदम दिला, तर कॅपॅसिटर तापतो, प्रसंगी फुटतो आणि आपल्याबरोबर रेक्टिफायर व ट्रान्सफॉर्मरचेही नुकसान करतो. जुने कागदी कॅपॅसिटर ओल शोषून घेतात. त्यांतून गळती झाल्यास अखेरच्या व्हॉल्व्हमधून प्रमाणाबाहेर प्रवाह वाहतो व त्याची प्लेट लालबुंद होते.

म्हणून पहिली पाहणी विजेविनाच करावी. धूळ मऊ ब्रशने झाडावी. उंदरांनी कुरतडलेल्या वायरी, गंजलेले सांधे आणि फ्यूज तपासावेत. जुनी वायर काढून अर्थिंगसह तीन पिनांची नवी वायर बसवावी. ट्रान्सफॉर्मरमध्ये ओल शिरली आहे का, हे मेगरने पाहावे. काही परदेशी यंत्रे ११० व्होल्टची असतात. आपल्याकडील पुरवठा २३० व्होल्टचा आहे, हे विसरू नये.

त्यानंतर सिरीज बोर्डवर ६० ते १०० वॉटचा, तारेचा जुन्या पद्धतीचा दिवा लावून यंत्र जोडावे. दिवा क्षणभर उजळून मंद झाला, तर मोठे शॉर्ट सर्किट नाही, असे समजावे. तो प्रखरच राहिला, तर यंत्र ताबडतोब बंद करावे. डिमरस्टॅटने दाब काही तासांत हळूहळू वाढवल्यास कॅपॅसिटरमधील थर पुन्हा तयार होऊ शकतो. मात्र, रेक्टिफायर व्हॉल्व्ह कमी दाबावर काम करीत नाही; तेथे तात्पुरते डायोड वापरावे लागतात. फुगलेले, गळणारे व कागदी कॅपॅसिटर बदलणेच हिताचे. खरखर करणारे आवाजाचे बटण कॉन्टॅक्ट क्लीनरने साफ होते. व्हॉल्व्हचा अॅम्प्लिफायर स्पीकर जोडल्याशिवाय चालवू नये. आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळण्याचा धोका असतो.

या यंत्रांत ३०० ते ४५० व्होल्ट इतका दाब असतो आणि प्लग काढल्यानंतरही तो कॅपॅसिटरमध्ये साठून राहतो. हा धक्का जीवघेणा ठरू शकतो. त्यामुळे कॅपॅसिटर योग्य रोधातून रिकामे करून, मल्टिमीटरने खात्री केल्याशिवाय आत हात घालू नये. अनुभव नसणाऱ्यांनी हे काम जाणकार कारागिरावरच सोपवावे.

व्हॉल्व्ह मात्र घाईने फेकू नयेत. अनेक दशकांनंतरही ते चांगले निघतात. बेंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्समध्ये एकेकाळी असे व्हॉल्व्ह तयार होत. आता ते सहजासहजी मिळत नाहीत. मूळ ट्रान्सफॉर्मर आणि नावाची पट्टीही जपावी. दुरुस्तीनंतर यंत्र कोरड्या जागी ठेवून महिन्यातून एकदा अर्धा तास चालवल्यास ते पुढच्या पिढीपर्यंत टिकू शकेल.