विमानाचे दोरे

शिवकर बापूजी तळपदे यांनी १८९५ साली गिरगाव चौपाटीवर ‘मरुत्सखा’ विमान उडवले, असे आपण अभिमानाने सांगतो. त्या काळचा भक्कम पुरावा मात्र मिळत नाही, हेही मुलांना सांगावे. शिवाय नुसते उडून काय होते? वळवायचे कसे?

राइट बंधूंच्या १९०३ च्या विमानात चालक पालथा निजे. कमरेखालचा पाळणा सरकवला की तारा ताणल्या जात, पंखांची टोके पिळली जात आणि सुकाणूही फिरे. खरी अक्कल इथे होती!

गुरुजी, पुठ्ठ्याचे विमान कराल तेव्हा सुकाणूला आडवी काटकी बसवा, दोन्ही टोकांचे दोरे पुढे आणा. उजवा ओढा, सुकाणू उजवीकडे. दोरे ढिले राहिले तर ते जागचे हलायचे नाही.