हजार तासांची पैज

चाळिशी, पन्नाशी किंवा साठी जवळ आली की हल्ली एक नवीनच पद्धत निघाली आहे. साडी नको, चांदीची वाटी नको, मैत्रिणी मिळून आव्हानं देतात. 'पन्नाशीच्या आत एकटीने रेल्वेचा प्रवास कर', 'पोहायला शीक', 'स्टेजवर उभी राहून बोल'. वाढदिवसाच्या आधी सगळं पुरं व्हायला हवं, ही अट. आमच्या भिशीतही हे शिरलं. पाच जणींनी मला पाच चिठ्ठ्या दिल्या. त्यातल्या एकीबद्दल पुढे सांगते.

आपल्या घरातल्या थोरांना यात काही नवल वाटणार नाही, कारण पैज आपल्याकडे जुनी आहे. 'विडा उचलणे' हा शब्दप्रयोगच बघा. दरबारात तबकात विडा मांडायचा, काम सांगायचं आणि ज्याच्यात धमक असेल त्याने चारचौघांदेखत तो उचलायचा. १६५९ साली विजापूरच्या दरबारात अफझलखानाने विडा उचलला आणि १० नोव्हेंबरला प्रतापगडाच्या पायथ्याशी त्याचं काय झालं, हे आपण चौथीत शिकलो. त्या गोष्टीत मला लहानपणापासून एक खटकायचं. विडा मांडणारे दरबारातच बसून राहिले. जायचं एकट्या उचलणाऱ्याने.

मित्रांनी घातलेली पैज आणि तोंडावर आलेला वाढदिवस, अशी जोडी इतिहासात शोधताना मला एक स्कॉटिश माणूस सापडला. रॉबर्ट बार्कली अलर्डाइस त्याचं नाव, पण सगळे त्याला कॅप्टन बार्कली म्हणत. स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्याजवळ स्टोनहेवन गाव आहे, तिथल्या युरी नावाच्या जहागिरीचा हा मालक. जन्म ऑगस्ट १७७९ चा. गंमत म्हणजे याचे पूर्वज क्वेकर पंथाचे. क्वेकर म्हणजे शस्त्र न उचलणारे, साधे राहणारे, शांत बसून प्रार्थना करणारे ख्रिस्ती लोक. त्या पंथाचा सगळ्यात नावाजलेला ग्रंथकार, सतराव्या शतकातला रॉबर्ट बार्कली, हा याच घराण्यातला. आणि त्याच्या वंशजाला नाद लागला तो पैजेचा आणि मुष्टियुद्धाचा. घराण्याचे संस्कार किती पिढ्या टिकतात, हा प्रश्न केवळ आपल्याच घरांत पडतो असं नाही.

त्या काळी इंग्लंडमधल्या पैसेवाल्या तरुणांना पैजेचं वेड होतं. घोड्यावर, कोंबड्यांवर, पत्त्यांवर आणि माणसाच्या चालण्यावरसुद्धा. बार्कलीने विशी ओलांडल्या ओलांडल्या अशी एक पैज घेतली होती: साडेएकवीस तासांत ९० मैल चालायचे. दोनदा हरला. दुसऱ्या वेळी वाटेत ब्रँडी प्यायला, पोट बिघडलं आणि २,००० गिनी गेल्या. तिसऱ्यांदा रक्कम वाढवून ५,००० गिनी केली आणि नोव्हेंबर १८०१ मध्ये तासभराहून जास्त वेळ हातात ठेवून जिंकला. हरलेला माणूस रक्कम वाढवतो, ही जुगाराची नेहमीची चाल. त्याची जिरली नाही एवढंच.

१८०८ साली त्याच्याच वर्तुळातल्या जेम्स वेडरबर्न वेबस्टर नावाच्या तरुणाशी त्याची नवी पैज ठरली. १,००० मैल चालायचे, १,००० तासांत, १,००० गिनींसाठी. ऐकायला सोपं वाटतं. तासाला एक मैल म्हणजे दीड किलोमीटरच्या थोडं वर. आपण बाजारात भाजी घ्यायला जातो तेव्हाही एवढं होतं. पण अट अशी होती की प्रत्येक तासाला एक मैल चालायलाच हवा. आज जास्त चालून उद्या विश्रांती, हे चालणार नव्हतं. एक तास रिकामा गेला की पैज संपली. १,००० तास म्हणजे ४१ दिवस आणि १६ तास. दिवसरात्र.

आता लक्षात आलं ना, ही पैज पायांची नव्हती. झोपेची होती.

जागा होती न्यूमार्केट, घोड्यांच्या शर्यतींसाठी प्रसिद्ध असलेलं गाव. मोकळ्या माळावर अर्ध्या मैलाची वाट आखली. जायचं आणि परत यायचं, झाला एक मैल. जवळच राहायची खोली. १ जून १८०९ ला मध्यरात्री सुरुवात झाली. बार्कलीने एक हिशेब केला होता, तो मला फार आवडला. एका तासाच्या शेवटच्या पंधरा मिनिटांत एक मैल चालायचा आणि लगेच पुढच्या तासाच्या पहिल्या पंधरा मिनिटांत दुसरा. दोन्ही तासांची अट पाळली जाते आणि मध्ये सलग दीड तास पडायला मिळतं. स्वयंपाकघरात एकाच आचेवर दोन कामं उरकणाऱ्या बाईला हा हिशेब समजावून सांगायची गरज नाही.

पहिल्या आठवड्यात त्याला एका मैलाला सरासरी पंधरा मिनिटं लागत होती. शेवटच्या आठवड्यात एकवीस. मैल हळू झाला की तेवढीच झोप कमी, झोप कमी झाली की पुढचा मैल आणखी हळू. पाय आखडले. रात्री खोलीतून उठवणं अवघड होऊ लागलं, तेव्हा त्याचा नोकर विल्यम क्रॉस त्याला काठीने मारून जागं करत असे, अशी नोंद आहे. वाटेवर रात्रीसाठी दिवे लावले होते. तरीही बार्कली कमरेला पिस्तुलं बांधून चालायचा, कारण त्याच्या हरण्यावर ज्यांनी पैसे लावले होते त्यांतला कोणी अंधारात हल्ला करेल ही भीती होती. त्याच्या जेवणाचं वर्णन मी करत नाही. मांस आणि बीअर, दिवसातून चार वेळा, एवढं पुरे.

बातमी पसरली तशी माणसांची रीघ लागली. शेवटच्या दिवसांत न्यूमार्केटमध्ये राहायला खोली मिळेना. १२ जुलैला दुपारी चार वाजता मुदत संपत होती, त्याच्या वीसेक मिनिटं आधी त्याने हजारावा मैल पुरा केला. सुरुवातीला वजन ८४ किलो होतं, शेवटी ७०. तिसावा वाढदिवस दीड महिन्यावर आला होता. आणि पाच दिवसांनी हा गृहस्थ सैन्यात हजर, हॉलंडच्या मोहिमेवर जायला.

आता वेबस्टर. ज्याने विडा मांडला तो. बार्कली जिंकला की याचे हजार गिनी जाणार होते. म्हणजे ४२ दिवस हा माणूस मनातून काय म्हणत असेल? 'आज तरी याला जाग येऊ नये.' मित्राची पैज म्हणतात ती ही. पुढे याच वेबस्टरने कवी लॉर्ड बायरनकडून १,००० पौंड उसने घेतले आणि परत केलेच नाहीत, म्हणजे माणूस कसा असेल ते कळतं.

हे वाचताना माझं मन सारखं दुसरीकडे जात होतं. दर दीड तासाने उठणं. ज्यांनी तान्हं मूल सांभाळलंय त्या सगळ्या जणी बार्कलीच्या वाटेवर चालून आल्या आहेत, आणि ४२ नाही, त्याहून कितीतरी जास्त दिवस. आमच्या घरी दोन वर्षांपासून सासूबाई अंथरुणाला खिळून आहेत. उजवी बाजू गेली आहे. रात्री दर दोन तासांनी कूस बदलावी लागते, नाहीतर पाठीला जखमा होतात. डॉक्टरांनी पहिल्या दिवशी सांगितलं आणि तेव्हापासून ते काम माझं. कोणी लादलं नाही. मी जवळ झोपत होते, म्हणून माझं झालं. अकरा, एक, तीन, पाच. गजर लावायची गरज आता पडत नाही.

भिशीतल्या पाच चिठ्ठ्यांपैकी चार हसण्यासारख्या होत्या. पाचवीवर लिहिलं होतं: 'पन्नाशीच्या आत सात रात्री दुसऱ्या खोलीत झोपायचं. दार लावून.' मी म्हटलं, "अगं, हे काय आव्हान झालं का?" ती म्हणाली, "मग करून दाखव ना. बघू जमतं का."

चिठ्ठी मी तीन आठवडे देवघराच्या खणात ठेवली. खरं सांगायचं तर मला झोपेची भीती नव्हती, विचारायची होती. शेवटी एका रात्री जेवणं झाल्यावर यांना विचारलं, "आठवड्यातून एक रात्र आईंकडे तुम्ही बघाल का?" हे ताट उचलत म्हणाले, "बघेन की. कूसच बदलायची ना?" मी काही बोलले नाही. उशी कुठे लावायची, टाचेखाली टॉवेलची गुंडाळी कशी ठेवायची, डायपर कुठून सोडायचा, हे सगळं कागदावर लिहून कपाटाच्या दाराला चिकटवलं. लिहिताना कळलं की दोन पानं होतात. सकाळी हे डोळे चोळत बाहेर आले आणि म्हणाले, "हे तू रोज करतेस?" सासूबाईंना नीट बोलता येत नाही, पण त्या दिवशी त्यांनी डाव्या हाताने मुलाचा हात बराच वेळ धरून ठेवला होता. आतापर्यंत चार रात्री झाल्या आहेत. पहिल्या दोन रात्री मी एक वाजता आणि तीन वाजता आपोआप जागी झाले आणि छताकडे बघत पडून राहिले. धाकट्या जावेनेही पुढची एक रात्र मागून घेतली आहे. मार्गशीर्षात माझा वाढदिवस, अजून तीन रात्री बाकी आहेत.

बार्कलीच्या पैजेत आणि आपल्या नेम-पच्चक्खाणात एक मोठा फरक आहे, तो इथे सांगायला हवा. पच्चक्खाण घेताना आपल्याकडे आगार ठेवलेले असतात, म्हणजे सूट. विसरून झालं, अचानक नकळत झालं, तर नेम मोडला असं धरत नाहीत. माणूस चुकणार हे घालणाऱ्याने आधीच मान्य केलेलं असतं. शिवाय तुमचा नेम पुरा झाला तर कोणाचं नुकसान नाही, उलट पारण्याला सगळे जमतात. भगवान महावीरांचा अभिग्रह तर कोणाला ठाऊकही नव्हता, अटी मनातल्या मनात आणि कौशांबीची सारी नगरी चिंतेत, की हे आहार का घेत नाहीत. न्यूमार्केटच्या माळावर आगार नव्हते. तिथे एक तास चुकला की संपलं, आणि चुकावं म्हणून टपलेले लोक वाटेच्या दोन्ही बाजूंना उभे.

हा विचार मनात असतानाच मी एमा शार्पपर्यंत पोचले, आणि तिच्याबद्दल न लिहिता हा लेख मला पुरा करता येणार नाही. बार्कलीनंतर 'हजार मैल, हजार तास' हा एक ठराविक खेळच झाला होता. अनेक पुरुषांनी करून पाहिला. १८६४ साली इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्डजवळ, लेस्टरडाइक इथे एमाने जाहीर केलं की ती करणार. वय तिशीच्या आसपास. नवरा लोखंडाच्या कारखान्यात कामाला, आणि त्याला ही कल्पना अजिबात पसंत नव्हती. झग्यात इतकं चालणं शक्य नव्हतं म्हणून तिने पुरुषी कपडे घातले. त्या काळात एवढ्यानेच लोक बघायला जमले असते.

१७ सप्टेंबरला तिने सुरुवात केली. एका खानावळीच्या शेजारच्या मैदानात ती चालायची आणि बघायला येणाऱ्यांकडून पैसे घेतले जायचे, त्यात तिचा वाटा. म्हणजे तिने कोणाची पैज स्वीकारली नव्हती, कामच काढलं होतं. पण लोकांनी आपापसात पैजा लावल्याच, आणि बाई हे पुरं करणार नाही यावरच बऱ्याच जणांचे पैसे होते. जसजसे दिवस सरू लागले तसतशी ही मंडळी बिथरली. तिच्या वाटेवर निखारे टाकले. जेवणात गुंगीचं औषध घालायचा प्रयत्न झाला. गर्दीत साध्या वेशातले पोलीस ठेवावे लागले आणि शेवटचे दोन दिवस एमा हातात पिस्तूल घेऊन चालली, बार्कलीसारखीच. २९ ऑक्टोबरला तिने हजारावा मैल संपवला तेव्हा मैदानात हजारो माणसं होती.

या पैशांतून तिच्या नवऱ्याने कारखान्यातली नोकरी सोडली आणि घरचा गालिचे बनवण्याचा धंदा सुरू केला. एमा त्यानंतर पन्नासहून अधिक वर्षं जगली.