९९ वर्षांचं लीज आणि मध्यरात्रीचे काही सेकंद

गेल्या वर्षी ऑफिसच्या कामासाठी हाँगकाँगला गेलो होतो. कॉन्फरन्स वान चायच्या कन्व्हेन्शन सेंटरमध्ये होती. व्हिक्टोरिया हार्बरच्या अगदी काठावर, पंख पसरलेल्या पक्ष्यासारखं ॲल्युमिनियमचं छप्पर. दुपारचं सेशन रटाळ होतं, मी सटकलो.

बाहेर चौकात बौहिनियाचं भलंमोठं सोनेरी फूल आहे. आपला कांचन आणि दसऱ्याला वाटतो तो आपटा, दोघंही याच कुळातले. म्हणजे सोनं इथेही!

तर, ३० जून १९९७च्या मध्यरात्री ब्रिटननं हाँगकाँग चीनला परत दिलं ते याच इमारतीत. समुद्रात भराव टाकून बांधलेला हा नवा भाग त्याच महिन्यात जेमतेम पूर्ण झाला होता. समोर प्रिन्स चार्ल्स, टोनी ब्लेअर, जियांग झेमिन. ब्रिटिश झेंडा उतरला, काही सेकंद नुसती शांतता, आणि ठोक्याला चीनचा झेंडा वर.

पण १९९७च का? हाँगकाँग बेट १८४२ साली आणि कौलून १८६० साली ब्रिटिशांनी कायमचं घेतलं होतं. न्यू टेरिटरीज मात्र १८९८ साली ९९ वर्षांच्या लीजवर. बहुतेक जमीन त्यातच, त्यामुळे ती परत देऊन उरलेलं चालवणं शक्यच नव्हतं. आपल्या भाषेत, एक लायसन्स एक्स्पायर झालं आणि अख्खी सिस्टीम बसली. १९८४च्या करारात ठरलं, सगळंच परत. बदल्यात इथली जगण्याची पद्धत ५० वर्षं तशीच ठेवायची.

आता आपली बाजू. १८४२चा तह झाला अफूच्या युद्धानंतर. त्यातली बरीच अफू माळव्याची, मुंबई बंदरातून गेलेली. जे. जे. हॉस्पिटलवर ज्यांचं नाव आहे, त्या जमशेटजी जीजीभॉय यांनी चीनच्या व्यापारात पैसा कमावला तो कापसावर आणि याच अफूवर. शाळेत आम्हाला त्यांची दानशूरता शिकवली, अफू नाही. मला याचा राग येतो.

संध्याकाळी तिथल्या टीममधली एक मुलगी सोबत आली. माझ्यासारखीच १९९७ची. मी फोन पुढे धरून विचारलं, "२०४७ला आपण पन्नाशीचे होऊ. तेव्हा इथे काय असेल?"

ती फोनकडे बघत राहिली. मग म्हणाली, "आधी रेकॉर्डिंग बंद कर."

केलं. स्टार फेरीनं पलीकडे जाईपर्यंत ती बोलत होती. त्यातलं काहीही या एपिसोडमध्ये नाही.