अडकलेल्या पैशाची शिष्यवृत्ती

१९४५ च्या ऑगस्टमध्ये महायुद्ध संपले आणि अमेरिकी सैन्य घरी निघाले. सामान मात्र जिथल्या तिथे राहिले. फ्रान्सच्या बंदरांपासून आसामातल्या लेडो रस्त्यापर्यंत ट्रक, जीप, बुलडोझर, तंबू, औषधे, डबाबंद अन्न आणि तारांची भेंडोळी पडून होती. ते जहाजांत भरून परत न्यावे तर भाडेच अंगावर येणार. तिथल्या तिथे फुंकून टाकावे तर गिऱ्हाइकाच्या खिशात डॉलर नाही. युद्धाने पिचलेल्या देशांकडे होते ते त्यांचे स्वतःचे चलन, आणि त्या चलनाला त्यांच्या हद्दीबाहेर कोणी विचारत नव्हते. माल विकला गेला असता, पण वसुली घरी नेता आली नसती.

या अडकलेल्या वसुलीतून फुलब्राइट शिष्यवृत्ती जन्मली. तिचा लाभ आजवर चार लाखांहून अधिक लोकांनी घेतला आहे. तिच्याविषयी बोलताना परस्परसामंजस्य, सलोखा, संस्कृतींमधला संवाद असे मोठे शब्द येतात, आणि ते खोटे नाहीत. पण तिचा साचा ठरला तो जमाखर्चाच्या वहीत. तिच्यात जे खरोखर चांगले आहे, त्यातले बरेचसे त्या वहीतल्या अडचणीनेच घडवले.

आधीची पिढी

या घराण्याचे पूर्वज तपासले तर जवळजवळ प्रत्येकाचा पैसा कुठल्या तरी जुन्या व्यवहाराचा उरलेला दिसतो. ऱ्होड्स शिष्यवृत्ती उभी राहिली ती १९०२ मध्ये वारलेल्या सेसिल ऱ्होड्सच्या मृत्युपत्रावर, म्हणजे दक्षिण आफ्रिकेतल्या हिऱ्यांच्या पैशावर. तिचा उद्देशही साम्राज्याची सूत्रे सांभाळणारी तरणीताठी माणसे घडवण्याचा होता. वाहतूक एकेरी होती: सगळ्यांनी ऑक्सफर्डला यायचे.

दुसरा पूर्वज चिनी. बॉक्सर बंडानंतर १९०१ मध्ये परकीय सत्तांनी चीनवर ४५ कोटी ताएल चांदीचा दंड लादला. अमेरिकेच्या वाट्याला आलेली रक्कम तिच्या प्रत्यक्ष नुकसानीपेक्षा बरीच जास्त होती. ते जास्तीचे पैसे १९०८ मध्ये परत करायचे ठरले, पण चीनच्या हातात मोकळे देऊन नव्हे, तर चिनी मुलांना अमेरिकेत शिकवण्यासाठी. १९०९ मध्ये ४७ जणांची पहिली तुकडी निघाली. त्यांच्या पूर्वतयारीसाठी काढलेली शाळा म्हणजे आजचे बीजिंगचे छिंगह्वा विद्यापीठ.

१९१० च्या तुकडीत हू शी नावाचा तरुण होता. शेतकी शिकायला गेलेला हा मुलगा तत्त्वज्ञानाकडे वळला आणि १९१५ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात जॉन ड्यूई यांच्याकडे आला. पुढे चिनी साहित्य बोलीभाषेत लिहिले जावे यासाठी ज्यांनी रान उठवले, त्यांच्यात तो आघाडीवर होता. तो कोलंबियात आला तेव्हा भीमराव आंबेडकर तिथे शिकत होते. त्यांनीही ड्यूईंची व्याख्याने ऐकली. एकाचा खर्च दंडाच्या परताव्यातून चालला होता, दुसऱ्याचा बडोद्याच्या खजिन्यातून. सयाजीरावांनी आंबेडकरांना तीन वर्षांसाठी महिना साडेअकरा पौंड दिले आणि परतल्यावर दहा वर्षे संस्थानाची नोकरी करण्याचा करार लिहून घेतला.

तिसरा पूर्वज बेल्जियमचा. पहिल्या महायुद्धात हर्बर्ट हूवर यांनी तिथे अन्नवाटपाची मोठी यंत्रणा चालवली. काम संपल्यावर जो पैसा शिल्लक राहिला, त्यातून बेल्जियम आणि अमेरिका यांच्यातली विद्यार्थ्यांची ये-जा सुरू झाली. ही शिल्लक पुढे नमुना म्हणून कामी आली.

एक न गाजलेले विधेयक

जेम्स विल्यम फुलब्राइट हा अर्कान्सा राज्याचा माणूस. १९२५ मध्ये ऱ्होड्स शिष्यवृत्तीवर ऑक्सफर्डला गेला आणि तिथे त्याला आपल्या गावापलीकडचे जग दिसले. चौतिसाव्या वर्षी तो अर्कान्सा विद्यापीठाचा अध्यक्ष झाला. दोन वर्षांत गव्हर्नरने त्याला घालवले. १९४४ मध्ये त्याच गव्हर्नरला पक्षांतर्गत निवडणुकीत हरवून फुलब्राइट सिनेटवर गेला.

२७ सप्टेंबर १९४५ रोजी त्याने विधेयक मांडले. शिक्षणासाठी खजिन्यातून पैसा द्या असे म्हटले असते तर विधेयक समितीतच गारद झाले असते, हे तो जाणून होता. म्हणून त्याने शिलकी युद्धसामग्रीच्या १९४४ च्या कायद्याला एक दुरुस्ती सुचवली: परदेशात विकलेल्या मालाचे पैसे त्याच देशाच्या चलनात घ्यावेत आणि त्यातला काही भाग विद्यार्थी व अध्यापकांच्या देवाणघेवाणीवर खर्चावा. करदात्याच्या खिशाला हात लागत नव्हता. नाहीतरी बुडीत खाती जाणारी रक्कम, तिच्यावर भांडायचे कोणी? १२ एप्रिल १९४६ रोजी सिनेटमध्ये ते चर्चेविना संमत झाले आणि १ ऑगस्टला अध्यक्ष ट्रुमन यांची सही झाली. टेनेसीचे वजनदार सिनेटर मॅकेलर यांनी नंतर आपल्याला ऐकवले, की हा कायदा धोक्याचा आहे, आपली मुले परदेशी विचारांच्या तोंडी देणारा आहे, आणि वेळीच समजते तर मी तो हाणून पाडला असता, असे फुलब्राइट पुढे सांगत असे.

वहीने घडवलेला साचा

आता अडचणीने काय काय घडवले ते पाहू. कायद्याने एका देशाशी जास्तीत जास्त २ कोटी डॉलर किमतीच्या स्थानिक चलनाचा करार करता येत होता, आणि त्यातले वर्षाला १० लाख डॉलरपर्यंत खर्चता येत होते. म्हणजे रक्कम वीस वर्षे पुरवायची होती. सरकारे बदलली तरी चालू राहणारी योजना त्यामुळे आपोआप तयार झाली.

दुसरे असे, की हा पैसा त्या देशातच खर्चावा लागणार होता. इटलीचे लिरा इटलीत, भारताचे रुपये भारतात. त्यामुळे श्रीमंत देशाच्या माणसाला गरीब देशात जाऊन राहणे भाग पडले. ऱ्होड्सची एकेरी वाट इथे दुहेरी झाली. अमेरिकी अध्यापकाचे घरभाडे, रोजचा खर्च आणि पुस्तके स्थानिक चलनात भागत. उलट बाजूने अमेरिकेला येणाऱ्या विद्यार्थ्याचा प्रवासखर्च तेवढा या पैशातून निघे. तिकडची फी आणि राहणे डॉलरमध्ये असल्याने त्यासाठी विद्यापीठांच्या, खासगी संस्थांच्या आणि यजमान कुटुंबांच्या दारात उभे राहावे लागे. १९४८ च्या स्मिथ–मुंट कायद्याने डॉलरची थोडी सोय केली. तरी सामान्य अमेरिकी घरांतल्या पाहुणचाराची सवय पडून गेली.

तिसरे, दुसऱ्या देशात त्याचेच चलन खर्च करायचे म्हटल्यावर त्याचे म्हणणे ऐकावेच लागते. म्हणून प्रत्येक देशात दोन्हीकडच्या सदस्यांचे संयुक्त मंडळ नेमण्यात आले. कोणते विषय, कोणती माणसे, कोणती विद्यापीठे याचा विचार तिथे होऊ लागला. इतर अनेक मदत योजनांमध्ये हे दिसत नाही.

पहिला करार १० नोव्हेंबर १९४७ रोजी चीनशी झाला. पहिला फुलब्राइट अभ्यासक होता पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाचा चिनी विद्येचा जाणकार डर्क बॉडी. तो १९४८ मध्ये पेकिंगला पोहोचला तो चिनी तत्त्वज्ञानाच्या इतिहासाचे भाषांतर पुरे करायला, आणि त्याच्या डोळ्यांदेखत शहर कम्युनिस्ट फौजांच्या हाती गेले. त्या वर्षाची त्याची रोजनिशी पुढे पुस्तकरूपाने आली. चीनचा कार्यक्रम १९४९ मध्ये थांबला तो तीस वर्षांनी सुरू झाला. परस्परसामंजस्याचा पहिलाच प्रयोग क्रांतीच्या ऐन मध्यात सापडला होता.

गव्हाचे रुपये

भारताशी करार २ फेब्रुवारी १९५० रोजी झाला. सह्या पंडित नेहरू आणि अमेरिकी राजदूत लॉय हेंडरसन यांच्या. पण आपल्याकडे लष्करी भंगाराच्या पैशापेक्षा धान्याचा पैसा जास्त कामी आला. १९५१ मध्ये अमेरिकेने भारताला गहू घेण्यासाठी १९ कोटी डॉलरचे कर्ज दिले आणि त्याच्या व्याजातले ५० लाख डॉलरपर्यंत पुस्तके, प्रयोगशाळेची उपकरणे आणि अभ्यासकांची ये-जा यांसाठी राखले. मग १९५४ चा पीएल-४८० कायदा आला. रेशनवरचा लाल मिलो आणि अमेरिकन गहू ज्यांनी खाल्ला आहे, त्यांना हे नाव नवे नाही. गाजर गवतही याच गव्हातून आले, असे आजही खेड्यापाड्यांत सांगतात.

या धान्याचे पैसे भारत रुपयांत चुकते करी आणि ते रुपये अमेरिकेच्या नावे भारतातच साठत जात. कायद्याने नेमून दिलेल्या त्यांच्या उपयोगांत शैक्षणिक देवाणघेवाण होती. १९६२ पासून अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने याच रुपयांत भारतीय भाषांतली पुस्तके विकत घेऊन अमेरिकी विद्यापीठांकडे धाडायला सुरुवात केली. तिकडच्या ग्रंथालयांत मराठी कादंबऱ्या आणि चरित्रांचे जे कपाट दिसते, त्याची मुळे रेशनच्या रांगेत आहेत. साठा इतका फुगला, की १९७४ मध्ये राजदूत मॉयनिहान यांनी १,६६४ कोटी रुपयांचा धनादेश भारत सरकारच्या हवाली करून त्यातला मोठा भाग मोकळा केला.

कासेगावपर्यंत

देणाऱ्याच्या वहीत खर्च लिहिला जातो, पण त्याचे काय झाले हे तिथे सापडत नाही. त्यासाठी एका अभ्यासकाची वाट धरायला हवी. १९६३ च्या जूनमध्ये मिनिआपोलिसची गेल ऑम्व्हेट ही बाविशीच्या आतली तरुणी फुलब्राइटवर इंग्रजी शिकवण्यासाठी भारतात आली आणि पुढच्या मार्चपर्यंत राहिली. परत जाऊन तिने बर्कलेला समाजशास्त्र घेतले. १९७१ चे सबंध वर्ष ती महाराष्ट्रात होती, ब्राह्मणेतर चळवळीच्या अभ्यासासाठी. त्या काळात सत्यशोधकांच्या जुन्या पुस्तिका, नियतकालिके आणि जलसे यांच्याकडे विद्यापीठांचे फारसे लक्ष नव्हते. तिचा प्रबंध १९७३ मध्ये पुरा झाला आणि १९७६ मध्ये मुंबईत पुस्तकरूपाने निघाला. सत्यशोधक समाजाच्या स्थापनेपासून, म्हणजे १८७३ पासून, १९३० पर्यंतचा तो इतिहास. मराठीत तो ‘वासाहतिक समाजातील सांस्कृतिक बंड’ म्हणून वाचला जातो.

एवढ्यावर थांबली असती तरी शिष्यवृत्ती फळाला आली असे म्हणता आले असते. पण ती सांगली जिल्ह्यातल्या कासेगावची सून झाली. भारत पाटणकरांशी लग्न केले, १९८३ मध्ये भारतीय नागरिकत्व घेतले. सासू इंदुताई स्वातंत्र्यलढ्यातल्या. त्यांच्याबरोबर परित्यक्ता स्त्रियांच्या प्रश्नावर, श्रमिक मुक्ती दलाबरोबर दुष्काळी भागातल्या समन्यायी पाणीवाटपावर, धरणग्रस्तांच्या पुनर्वसनावर ती उभी राहिली. फुले-आंबेडकरांवर इंग्रजीत लिहीत राहिली. २०२१ च्या ऑगस्टमध्ये तिचे देहावसान कासेगावातच झाले. इंग्रजीची शिकवणी घ्यायला आलेली मुलगी महाराष्ट्राला त्याच्याच इतिहासातले एक दडपलेले पान वाचून दाखवील, हे कुठल्याही निवड समितीने गृहीत धरले नसणार.

ज्याच्या नावाची ही शिष्यवृत्ती, त्या माणसाने १९५६ मध्ये शाळांतली वर्णविभागणी टिकवू पाहणाऱ्या दक्षिणी सिनेटरांच्या जाहीरनाम्यावर सही केली आणि १९६४ च्या नागरी हक्क कायद्यालाही विरोध केला. हाच माणूस १९५४ मध्ये कम्युनिस्टांच्या शोधाचे सत्र चालवणाऱ्या सिनेटर मॅकार्थीच्या समितीला पैसे नाकारण्याचे मत देणारा एकटा सिनेटर होता, आणि व्हिएतनाम युद्धाची जाहीर चिरफाड करणाराही. जगाच्या सलोख्याचा विचार करणाऱ्या फुलब्राइटला आपल्या राज्यातल्या काळ्या मुलाच्या शाळेपर्यंत पोहोचता आले नाही. त्याच्या पैशावर आलेली तरुणी मात्र जातीच्या मुळाशी गेली. दात्याचे चारित्र्य आणि दानाचे फळ यांचा मेळ बसतोच असे नाही.

माणूस परत यावा म्हणून अटी घालण्याची रीत जुनीच. बडोद्याची दहा वर्षांची अट आंबेडकरांना १९१७ मध्ये परत घेऊन आली, पण राहायला साधी जागा मिळेना म्हणून त्यांना महिन्याभरात ते शहर सोडावे लागले. अमेरिकेने १९५६ पासून देवाणघेवाणीच्या व्हिसावर आलेल्यांना दोन वर्षे मायदेशी काढण्याचे बंधन घातले आणि फुलब्राइटवर जाणाऱ्यांना ते आजही लागू आहे. ऑम्व्हेटला कासेगावात राहण्याचे बंधन कोणीच घातले नव्हते.

२००८ मध्ये भारताने निम्मा वाटा उचलला आणि शिष्यवृत्तीचे नाव फुलब्राइट–नेहरू झाले. २०२५ च्या जूनमध्ये वॉशिंग्टनमधल्या देखरेख मंडळाच्या जवळजवळ सगळ्या सदस्यांनी, सरकार निवडीत ढवळाढवळ करते असा आरोप करून, राजीनामे दिले. पैसा अडकलेला होता तेव्हा त्यावर हक्क सांगायला कोणी धावत नव्हते. तो सुटा झाला आणि मालक जागे झाले. म्हणून अशा कुठल्याही योजनेची पारख करताना दात्याचा हेतू काय हे जरूर पाहावे, पण आधी दोन साध्या गोष्टी विचाराव्यात: हा पैसा कोणत्या गावात खर्च होणार, आणि माणसे निवडणाऱ्या टेबलाशी यजमान देशाच्या खुर्च्या किती आहेत?